बोगद्याची खातरजमा

डहाणूहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी घोलवड मागे टाकून उंबरगावच्या दिशेने धावू लागते न लागते, तोच खिशातल्या भ्रमणध्वनीवर एक सविनय संदेश उमटतो, की गुजरात राज्यात आपले स्वागत असो. आणि मौज अशी, की तलासरी तालुक्याच्या सीमेलगतच्या पाड्यांवर राहणाऱ्या मंडळींना हे स्वागत आपल्याच घराच्या ओट्यावर बसून, महाराष्ट्राची हद्द तसूभरही न ओलांडता, अनेकवार स्वीकारावे लागते. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा हिस्सा गुजरातेत गेला, उरलेली गावे डहाणूला जोडली गेली आणि त्यांतूनच पुढे तलासरीचा स्वतंत्र कारभार उभा राहिला. तहसील कचेरीतल्या नकाशावर ही हद्द स्पष्ट आखलेली आहे. परंतु दूरसंचार खात्याने देशाची जी २२ परिमंडळे पाडली आहेत, त्यांपैकी महाराष्ट्राची आणि गुजरातची सीमा येथे हवेतून जाते, आणि हवेत हद्दीचे दगड पुरता येत नाहीत.

हे सीमापुराण उघडण्याचे कारण माझा भाचा. मुंबईच्या एका कंपनीत तो हिशेबाचे काम करतो, आणि आठवड्यातले तीन दिवस ते काम घोलवडच्या चिकूवाडीतल्या घरी, ज्या परिसराच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्याच झाडांच्या सावलीत बसून करतो. कंपनीचे दफ्तर त्याला उघडता यावे म्हणून त्याच्या संगणकावर व्हीपीएन नावाची सोय बसवून दिलेली आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तो संगणक काखोटीला मारूनच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, हिरवं तर दिसतंय, पण फाइल काही उघडत नाही." कंपनीच्या साहाय्य-कक्षाकडे त्याने दोनदा कैफियत मांडली होती आणि दोन्ही वेळा, आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे, तुमच्याकडचे नेट तपासा, असे साचेबंद उत्तर आले होते. व्हीपीएन जोडल्याचा हिरवा दिवा आणि हे उत्तर, दोन्ही एकाच जातीची साक्ष होती: ज्याच्याविषयी तक्रार त्यानेच स्वतःविषयी दिलेली. व्हीपीएन चालते की नाही याची शहानिशा करावयाची तर साक्षीदार बोगद्याबाहेरचा, म्हणजे व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेबाहेरचा, हवा, आणि प्रत्येक साक्षीदाराची जबानी व्हीपीएन लावण्यापूर्वी एकदा व लावल्यानंतर एकदा, अशी दोनदा घ्यावयास हवी, हे त्याला सांगता सांगता जे काही बोलणे झाले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, म्हणजे आभासी खासगी जाळे, हे नाव भारदस्त असले तरी त्यामागची युक्ती आपल्या महामार्गावर रोज दिसते. मुंबई-अहमदाबाद मार्गावरून, पूर्वी ज्याचा क्रमांक ८ होता आणि आता ४८ आहे, तलासरीच्या पुढे आच्छाडच्या सीमा नाक्याकडे जाणारा एखादा मोहोरबंद कंटेनर पाहावा. नाक्यावरच्या माणसाला वाहनाचा क्रमांक दिसतो, वजन कळते, गाडी कोणत्या गावी चालली तेही कळते, पण आत यंत्रे आहेत की कापड, हे मोहोर असेतोवर कळत नाही. व्हीपीएनमध्ये आपल्या संगणकाकडून निघणारा प्रत्येक लहानमोठा संदेश सांकेतिक लिपीत गुंडाळून दुसऱ्या लखोट्यात घातला जातो, त्या लखोट्यावर फक्त व्हीपीएनच्या दूरस्थ संगणकाचा पत्ता असतो, आणि तेथे पोहोचल्यावर बाहेरचा लखोटा फाडून आतला संदेश मूळ ठिकाणी रवाना केला जातो. वाटेवरच्या दूरसंचार कंपनीस, अथवा ज्याचे वायफाय आपण उसने घेतले त्या लॉजवाल्यास, माल किती गेला आणि कधी गेला हे दिसते. काय गेले ते दिसत नाही. मात्र दूरच्या टोकाला मोहोर उतरल्यानंतर पुढच्या प्रवासाची हमी व्हीपीएन देत नाही, ही गोष्ट जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा, कारण तो न घेतल्यामुळे कित्येकांचा तपास चुकीच्या वाटेने जातो. कचेरीचे व्हीपीएन हे आपल्याला एका बंद वाड्यात नेणारे असते; बाजारात मासिक भाड्याने अथवा फुकट मिळणारे व्हीपीएन हे आपल्याला दुसऱ्याच वेशीतून खुल्या जगात सोडणारे असते. पहिल्यात पुष्कळदा फक्त कचेरीकडे जाणारी रहदारी बोगद्यात शिरते आणि बाकीची, म्हणजे बातम्या, गाणी, बाजारहाट, ही नेहमीच्या रस्त्याने जाते. त्यामुळे अशा माणसाने आपला पत्ता बदलला की नाही हे पाहिले, तर तो मुळीच बदललेला नसतो, आणि तरीही व्हीपीएन ठणठणीत चालू असते. तेथे कसोटी वेगळी: वाड्याच्या आतले एखादे दालन, जे बाहेरून कधीच उघडत नाही, ते आता उघडते का एवढेच पाहावे.

आता पहिला साक्षीदार, पत्ता. आंतरजालावर प्रत्येक जोडणीस एक आयपी पत्ता असतो, आणि तुमचा पत्ता अमुक असून तुम्ही तमुक शहरात आहात असे सांगणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. व्हीपीएन लावण्यापूर्वी तो पत्ता, शहराचे नाव आणि पत्त्याच्या मालकाचे नाव कागदावर टिपून घ्यावे, व्हीपीएन लावून पान पुन्हा उघडावे, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. कागदावर, असे मुद्दाम म्हणतो, कारण आकडे लक्षात राहतात असा ज्याला भरवसा वाटतो त्याने आपल्या शिधापत्रिकेचा क्रमांक आठवून पाहावा.

परंतु आमच्या भागात या साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते. डहाणूत बसलेल्या माणसास हे संकेतस्थळ, व्हीपीएन नसतानाही, डहाणू असे क्वचितच सांगते. कोणास ते मुंबई सांगेल, तर कोणास अहमदाबाद. कारण असे, की भ्रमणध्वनीवरचा माल जवळच्या मनोऱ्यावरून उठला, तरी तो आंतरजालात प्रवेश करतो तो कंपनीच्या एखाद्या महाद्वारातून, जे मोठ्या शहरात असते. पत्ता मिळतो तो त्या द्वाराचा, गावाचा नव्हे. शिवाय जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटीच असल्याने एकेका पत्त्याखाली कंपन्या शेकडो गिऱ्हाइके कोंबतात. सीमेवरच्या घरात तर सकाळी महाराष्ट्राचा मनोरा आणि दुपारी गुजरातचा, असे होऊन शहराचे नाव आपोआप बदलू शकते, आणि व्हीपीएन न लावताच ते लागले आहे असा भास एखाद्या भोळ्या माणसास होऊ शकतो. याच्या उलट, ज्याने व्हीपीएनचे मुंबईतले केंद्र निवडले आहे त्याला आधीही मुंबई आणि नंतरही मुंबई दिसते, आणि तो उगाच हताश होतो. म्हणून शहराच्या नावावर विसंबू नये. आकडा बदलला का, आणि पत्त्याचा मालक म्हणून पूर्वी जी दूरसंचार कंपनी दिसत होती तिच्या जागी एखादी संगणक भाड्याने देणारी कंपनी आली का, हे पाहावे. मालकाचे नाव शहराच्या नावापेक्षा अधिक प्रामाणिक असते.

याच पानावर आणखी एक, लांबलचक आणि मधूनमधून अक्षरे असलेला पत्ता दिसला, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. तो आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता. जुने पत्ते संपत आले म्हणून ही पद्धत निघाली, आणि भारतात, मुख्यत्वे भ्रमणध्वनीच्या जाळ्यांमुळे, तिचा प्रसार युरोपातल्या कित्येक प्रगत देशांहून अधिक झालेला आहे. त्यामुळे जी खोड युरोपातल्या एखाद्या गृहस्थास कधी जाणवणार नाही, ती तलासरीच्या विद्यार्थ्यास हमखास जाणवते: व्हीपीएनच्या काही कार्यक्रमांत बोगदा खणलेला असतो तो फक्त जुन्या पत्त्यांसाठी, आणि नव्या पद्धतीची रहदारी त्याच्या शेजारून उजळ माथ्याने निघून जाते. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि परसदार सताड उघडे, अशातला हा प्रकार. व्हीपीएन लावल्यानंतरही हा लांब पत्ता पूर्वीचाच राहिला, तर गळती आहे असे निश्चित समजावे. नव्या पत्त्यांची रहदारी बोगद्यातून नेणारा, निदान ती अडवून धरणारा कार्यक्रम वापरणे हा खरा इलाज. संगणकाच्या जाळे-मांडणीत आयपीव्ही६ तात्पुरते बंद करणे हा वेळ मारून नेण्याचा.

दुसरा साक्षीदार डीएनएस. संकेतस्थळाचे नाव दिले असता त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली, आणि आजतागायत आंतरजालाची सगळी वाटचाल तिला विचारल्यावाचून होत नाही. कल्पना करा, की एखादा मनुष्य तोंड झाकून, आडवाटेने, कोणाला न कळता कोठे तरी निघाला आहे, आणि प्रत्येक वळणावर पानपट्टीपाशी थांबून मोठ्याने विचारतो आहे, की अमक्याचे घर कोठे हो? तोंड झाकल्याचा काय उपयोग? व्हीपीएनचा बोगदा शाबूत असूनही जर नावांची ही पृच्छा दूरसंचार कंपनीच्याच डीएनएसकडे जात राहिली, तर आपण कोणकोणती संकेतस्थळे उघडतो याची यादी कंपनीपाशी जशीच्या तशी तयार होते. डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉम यासारख्या स्थळावर विस्तृत चाचणी केली, की आपल्या वतीने पत्ता विचारणाऱ्यांची नावे दिसतात. व्हीपीएन चालू असताना त्या यादीत आपल्या सिमकार्डाच्या कंपनीचे नाव आले, तर पानपट्टीवरची चौकशी सुरूच आहे असे समजावे.

मात्र येथेही घाई नको. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, भ्रमणध्वनीत खासगी डीएनएस अशी एक निराळी मांडणी आलेली आहे, आणि अनेक ब्राउझरही आता पृच्छेसाठी स्वतःचा माणूस नेमतात. अशा वेळी यादीत व्हीपीएनचे नाव नसून तिसऱ्याच मोठ्या कंपनीचे नाव दिसते. ती गळतीच असेल असे नाही. कित्येकदा आपणच पूर्वी केव्हा तरी दिलेले ते मुखत्यारपत्र असते आणि आपण ते विसरलेलो असतो. मांडणी मूळपदावर आणून चाचणी पुन्हा करावी. ब्राउझरमधून चित्रसंभाषण चालविणाऱ्या वेबआरटीसी या यंत्रणेतूनही खरा पत्ता क्वचित बाहेर सांडतो. तिचीही चाचणी बहुधा त्याच स्थळांवर असते, आणि चित्रसंभाषण करावयाचे नसेल तर ती बंद ठेवावी, याहून त्याविषयी अधिक लिहिण्यात स्वारस्य नाही.

तिसरा साक्षीदार मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्याला लाच देता येत नाही. तो म्हणजे काळ. संदेश जाऊन परत येण्यास किती वेळ लागला हे पिंग नावाच्या साध्या आज्ञेने मोजता येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो, आणि कोणत्याही कंपनीस, कितीही भांडवल ओतले तरी, हा वेग वाढविता येत नाही.

याचे महत्त्व कळण्यासाठी २०२२ सालाकडे वळावे लागेल. त्या वर्षी २८ एप्रिल रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७०-ब कलमाखाली एक फर्मान काढले, ज्यान्वये व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी आपल्या गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, त्यांना दिलेले आयपी आणि सेवा घेण्याचे प्रयोजन यांची नोंद पाच वर्षे जपून ठेवावी असे ठरले. नोकरदारांसाठी कचेऱ्या जे अंतर्गत व्हीपीएन चालवितात त्यांना या नोंदीतून वगळल्याचे पुढे स्पष्ट करण्यात आले. आम्ही नोंद ठेवतच नाही, याच भांडवलावर ज्यांचा व्यापार चालला होता त्या कंपन्यांची पंचाईत झाली. एक्स्प्रेसव्हीपीएनने जूनच्या आरंभीच भारतातले आपले संगणक हलविले, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी त्याच वाटेने जाण्याचे ठरविले, आणि सप्टेंबरमध्ये प्रोटॉननेही भारतभूमीचा निरोप घेतला. परंतु परदेशी असलेल्या आपल्या मंडळींना भारताचा पत्ता हवाच असतो. म्हणून एक्स्प्रेसव्हीपीएनसारख्यांनी तोड काढली, की संगणक सिंगापुरात किंवा इंग्लंडात ठेवावा आणि त्याला पत्ता मात्र भारताच्या नावे नोंदलेला द्यावा. आमच्या तालुक्यातही असे पुष्कळ आहेत, ज्यांची शिधापत्रिका गावची आणि बिऱ्हाड वापीत. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, कारण कंपनीने ते उघडपणे सांगितले होते. परंतु पत्ता दाखविणारे संकेतस्थळ अशा वेळी निःशंकपणे भारत असे सांगते, आणि ते नोंदवहीपुरते खरेही असते.

काळ मात्र फसत नाही. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ७,८०० किलोमीटर, आणि प्रकाशास तंतूतून तेवढे अंतर कापण्यास ३९ मिलिसेकंद लागतात; समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात अधिकच. डहाणू ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरातले, त्याला जाऊन-येऊन दीड मिलिसेकंदही पुरते. आता वाचक म्हणेल, की माझ्याकडे तर मुंबईलाच चाळीस मिलिसेकंद लागतात. खरे आहे, कारण भ्रमणध्वनी आणि मनोरा यांच्यामधल्या देवघेवीतच तीसचाळीस मिलिसेकंद सहज खर्च होतात. म्हणून येथेही तीच रीत: व्हीपीएन बंद ठेवून मुंबईतल्या एखाद्या संगणकास पिंग करावे, दहा वेळा करून सर्वांत लहान आकडा टिपावा, मग व्हीपीएनचे भारत म्हणून मिरविणारे केंद्र लावून त्याच संगणकास तसेच पिंग करावे, आणि वजाबाकी करावी. फरक पाचदहा मिलिसेकंदांचा आला तर केंद्र जवळपास असण्याचा पुष्कळ संभव. ऐंशीच्या, म्हणजे ३९ च्या दुपटीच्याही, वर गेला, तर आपला संदेश मुंबईला जाण्यासाठी सिंगापूरची यात्रा करून येत असावा. एक सावधगिरी बाळगावी. मोठा आकडा केवळ गर्दीमुळेही येऊ शकतो, त्यामुळे त्यावरून केंद्र दूर असल्याचे सिद्ध होत नाही. पण लहान आकड्याने ते जवळ असल्याचे सिद्ध होते.

आता एक वेगळीच परीक्षा. व्हीपीएन चालू असताना ते नीट चालते हे पाहून आपण निश्चिंत होतो, पण ते तुटते त्या क्षणी काय होते हे कोणी पाहत नाही. उत्तरेकडच्या कारखान्यांत जाणारी आमच्याकडची शेकडो माणसे रोज आगगाडीने सीमा ओलांडतात. भ्रमणध्वनी एका परिमंडळातून दुसऱ्यात गेला, अथवा घरच्या वायफायवरून सिमकार्डावर आला, की त्याचा पत्ता बदलू शकतो, आणि बोगद्याचे एक टोक अचानक निराधार होते. आयकेईव्ही२ या पद्धतीत पत्ता बदलला तरी संभाषण न तोडता पुढे चालविण्याची सोय २००६ साली प्रमाणित झाली, आणि २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या वायरगार्डच्या तर ती रचनेतच आहे; ओपनव्हीपीएन जुन्या धाटणीने चालविले तर मात्र ते अशा वेळी मोडते आणि पुन्हा जुळण्यास काही सेकंद घेते. त्या काही सेकंदांत भ्रमणध्वनी थांबून राहतो, की उघड्या रस्त्याने चालू लागतो, हा प्रश्न आहे. अँड्रॉइडच्या व्हीपीएन-मांडणीत व्हीपीएन सदैव चालू ठेवण्याचा आणि त्याच्यावाचून सर्व जोडण्या अडविण्याचा असे दोन पर्याय असतात, दोन्ही लावावेत. नंतर पत्ता दाखविणारे पान उघडून, भ्रमणध्वनी क्षणभर विमान-अवस्थेत टाकून परत आणावा आणि पान लागलीच ताजे करावे. पान उघडलेच नाही, किंवा उघडले ते व्हीपीएनचाच पत्ता घेऊन, तर बंदोबस्त चोख. आपला मूळ पत्ता दिसला, तर पहारेकरी झोपलेला आहे. काही भ्रमणध्वनींत विद्युत्संचय वाचविण्याच्या नादात पडद्यामागचा व्हीपीएन कार्यक्रमच गुपचूप मारला जातो. त्याला त्या काटकसरीतून वगळावे लागते.

बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या निवासात उतरून तिथले वायफाय वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. मे २०२४ मध्ये लेव्हायथन सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले, की आपल्याला पत्ता वाटून देणारे स्थानिक यंत्रच दुष्ट असेल, तर ते २००२ पासून अस्तित्वात असलेल्या एका नियमाच्या आधारे संगणकाला निराळा रस्ता सुचवून बोगद्याबाहेर काढू शकते, आणि व्हीपीएनचा हिरवा दिवा त्या वेळीही तसाच जळत राहतो. टनेलव्हिजन असे त्याला नाव पडले. अँड्रॉइडला त्या नियमाचे ज्ञानच नसल्यामुळे तो वाचला. अज्ञानाचा असा लाभ विरळाच. संगणकाने परक्या वायफायवर बसण्यापेक्षा स्वतःच्या भ्रमणध्वनीतून नेट घ्यावे, हा यावरचा सोपा उपाय.

व्हीपीएन मुळात जोडलेच जात नाही, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा क्षुल्लक असते. संगणकाचे घड्याळ चुकलेले असणे हे त्यांतले पहिले: प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि घड्याळ दोन वर्षे मागे असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला भविष्यातले, म्हणून बनावट वाटते. लॉजच्या वायफायवर आधी नाव-क्रमांक भरण्याचे पान येते. ते भरल्यावाचून व्हीपीएनला वाट मिळत नाही, आणि व्हीपीएन आधीच चालू असेल तर ते पान येत नाही, असा हा तिढा, जो व्हीपीएन क्षणभर बंद केल्याने सुटतो. काही जाळ्यांवर यूडीपी या जातीची रहदारी अडविलेली असते, तेव्हा कार्यक्रमाच्या मांडणीत जाऊन टीसीपी आणि ४४३ क्रमांकाचे द्वार निवडावे, म्हणजे तो माल नेहमीच्या सुरक्षित संकेतस्थळांच्या मालासारखा दिसून सुटतो. गती मात्र मंदावते.

जोडले गेले पण उपयोग होत नाही, ही व्याधी अधिक अवघड. तिचे एक मजेदार कारण म्हणजे नामसाधर्म्य. घरातल्या राउटरने घरच्या यंत्रांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटलेले असतात, आणि कचेरीतल्या जाळ्यातही तेच पत्ते असतात. मग कचेरीतल्या संगणकासाठी निघालेला निरोप घरातल्याच छपाई यंत्रापाशी जाऊन थांबतो. महाराष्ट्रात वडगावे किती आहेत याची ज्याला कल्पना आहे, त्याला या घोटाळ्याचे नवल वाटणार नाही. घरच्या राउटरची पत्त्यांची मालिका बदलली, की तो मिटतो.

माझ्या भाच्याची व्याधी यांपैकी कोणतीच नव्हती. घड्याळ बरोबर होते, कचेरीचे आतले पान उघडत होते, नाव आणि परवलीचा शब्द स्वीकारला जात होता, लहान पत्रे येत-जात होती. जरा मोठे हिशेबपत्रक उघडावे, तर मात्र चक्र फिरत राही. लहान चालते आणि मोठे अडते, हे लक्षण ओळखून ठेवण्याजोगे आहे. आंतरजालावर एका वेळी जाणाऱ्या पुडक्याचे कमाल आकारमान साधारणतः १,५०० बाइट असते. व्हीपीएन प्रत्येक पुडक्याला दुसरा लखोटा चढविते, आणि त्या लखोट्यालाही जागा लागते. वायरगार्ड स्वतःच्या वेष्टनासाठी ६० ते ८० बाइट धरून आतल्या पुडक्याची मर्यादा १,४२० वर आणते. वाटेत एखाद्या जाळ्याची मर्यादा त्याहून कमी असली, तर पुडके अडते. नियम असा आहे, की अडविणाऱ्याने, हे फार मोठे आहे, लहान करून पाठवा, असा उलट निरोप द्यावा. पण पुष्कळ ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली हे उलट निरोपच दाबून टाकलेले असतात, आणि पाठविणारा बिचारा तेच पुडके पुन्हापुन्हा पाठवीत बसतो. मापापेक्षा रुंद माल लादलेला ट्रक अरुंद पुलावर अडावा आणि मागे कोणी सांगूच नये, तशी ही गत.

विंडोजमध्ये पिंगच्या आज्ञेला, पुडक्याचे तुकडे करू नयेत अशी एक खूण आणि आकाराचा आकडा जोडता येतो. व्हीपीएन लावून कचेरीतल्या संगणकास आम्ही १,३९२ चा आकडा देऊन पाहिला, जो शीर्षकाचे २८ बाइट धरून १,४२० होतो. उत्तर आले नाही. आकडा उतरवीत गेलो, आणि १,३०० च्या जरा खाली येताच उत्तरे भराभर येऊ लागली. तेव्हा व्हीपीएनच्या जोडणीची मर्यादा, जिला एमटीयू म्हणतात, ती आम्ही १,२८० वर आणून ठेवली; नव्या पत्त्यांच्या पद्धतीत याहून लहान मर्यादा कोणत्याही जाळ्यास ठेवता येत नाही, म्हणून हा आकडा भरवशाचा. हिशेबपत्रक उघडले.

तो निघण्याच्या बेतात असताना त्याच्या बहिणीने आपला भ्रमणध्वनी पुढे केला. त्यावर एक फुकटचे व्हीपीएन होते, आणि वर सांगितलेल्या साऱ्या परीक्षांत ते उत्तीर्ण झाले. तरीही ते काढून टाक असे मी तिला सांगितले. ओनाव्हो नावाचे एक फुकट व्हीपीएन फेसबुकने २०१३ साली विकत घेतले होते, आणि संरक्षणाच्या नावाखाली ते वापरणाऱ्यांची माहिती कंपनीच्या धंद्यासाठी गोळा करीत होते. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून ते हटले, २०१९ मध्ये बंद झाले, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने त्यापायी २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. होला नावाच्या दुसऱ्या एका फुकट सेवेविषयी २०१५ साली असे उघडकीस आले, की तिच्या गिऱ्हाइकांच्याच जोडण्या परक्यांना भाड्याने विकल्या जात होत्या. गळतीच्या चाचणीत या दोहोंचा दोष कधीच दिसला नसता, कारण बोगदा अभंग होता. प्रश्न दुसऱ्या टोकाला मोहोर फोडणाऱ्या माणसाचा होता. तिने विचारले, "मग बँकेचं काय, मामा?" बँकेचे ॲप स्वतःचा लखोटा स्वतःच मोहोरबंद करते, त्याला व्हीपीएनची गरज नसते, आणि परदेशी पत्ता दिसला तर उलट ते संशयाने दार लावून घेते, असे सांगितल्यावर तिने ते काढले.

भाच्याने त्याच संध्याकाळी कंपनीच्या साहाय्य-कक्षास सविस्तर लिहून कळविले, की मर्यादा १,२८० केल्यावर अडचण दूर झाली आहे, आणि सीमाभागातून काम करणाऱ्या इतरांसाठीही तोच आकडा ठेवल्यास बरे होईल. दोन दिवसांनी उत्तर आले. तक्रार बंद करण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते: वापरकर्त्याच्या बाजूचे नेट सुधारले.